फक्त वायरी जोडायच्या

माणसाने आधी अग्नी वश केला, मग चाक घडवलं, आणि पुढे कधीतरी दोघांची गाठ घालून मोटारगाडी केली. या महान वाटचालीत विजेच्या तारेला मात्र इतिहासाने तिचं योग्य स्थान कधीच दिलं नाही. इतिहासाचं एक वेळ सोडा, त्याला कामं फार असतात. दादानेही दिलं नव्हतं, आणि दादाला तर रोज जेवणानंतर झोपायलाही सवड मिळत असे.

दादा इंजिनं खोलायचा. त्याची धाकटी बहीण गाड्यांचं वायरिंग करायची. तिला घरात आणि गॅरेजात सगळे ठिणगी म्हणत. लहानपणी तिने बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एकदम लोखंडी पाना ठेवून पाहिला होता. पान्याला कायमची खाच पडली आणि भुवया जळाल्या. भुवया परत आल्या, नाव तेवढं राहिलं.

गॅरेज वडिलांचं. वडिलांना सगळे मिस्त्री म्हणत. रागावली की आईसुद्धा. दातांच्या दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीला लाकडी बाक, आणि बाकावर वर्षानुवर्षांचं ग्रीस पिऊन काळीकुळकुळीत झालेली पक्कड. शेडच्या कपाळावर बोर्ड होता : ‘मिस्त्री आणि चिरंजीव. मोटार दुरुस्तीची सर्व कामे.’

बोर्ड रंगवला तेव्हा दादा रांगत होता आणि ठिणगी अजून जन्मायची होती. त्यामुळे त्यात कुणाचाच दोष नव्हता. ज्यात कुणाचा दोष नसतो त्या गोष्टी बदलायला सगळ्यात अवघड. शाळा संपल्यापासून ती त्या बोर्डाखाली वाकून गाड्यांच्या पोटात हात घालत होती, आणि गिऱ्हाईक आलं की तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारी, “कुणी आहे का?”

परवाचीच गोष्ट. एका गृहस्थांचे हेडलाइट तीन गॅरेजांनी हात टेकल्यावर तिने दुरुस्त केले होते. गृहस्थ गाडी न्यायला आले, दिवे लावून बघितले, विझवून बघितले, आणि समाधानाने मिस्त्रींना म्हणाले, “तुमच्या चिरंजीवांच्या हाताला गुण आहे हो.” चिरंजीव त्या वेळी शेडच्या मागे झोपले होते.

रात्रीच्या जेवणाला ठिणगीने हा विषय काढला.

“बाबा, बोर्ड बदलायचा.”

“का? पत्रा गंजलाय का?”

“पत्रा ठीक आहे. मजकूर गंजलाय.”

मिस्त्रींनी घास चावून घेतला. ते कुठल्याही प्रश्नाचं उत्तर घास चावल्याशिवाय देत नसत, आणि प्रश्न अवघड असला तर घास मोठा घेत. दादा म्हणाला, “वायरी जोडणाऱ्यांची नावं बोर्डावर यायला लागली तर उद्या हवा भरणाराही मागेल.”

“दादा, तुझ्या गाड्या हवेवर चालतात वाटतं?”

“इंजिनावर चालतात.”

“आणि इंजिन?”

दादानेही घास मोठा घेतला. हा गुण आनुवंशिक असावा.

शेवटी मिस्त्री बोलले. “म्हातारी चालू करून दाखवा. मी चालवीन, तुझी आई शेजारी बसेल. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन, कुणाचा हात न लागता परत आली, तर बोर्ड बदलू. नाही आली, तर हा विषय पुन्हा या ताटावर नको.”

म्हातारी म्हणजे मिस्त्रींची स्वतःची गाडी. याच गाडीतून दोन्ही मुलं जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आली होती. तिचं इंजिन कधीच गेलं होतं. ती शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून असायची. आता दादाने तिच्यासाठी नवं इंजिन हेरून आणलं होतं. नवं म्हणजे तिच्या मानाने नवं. ज्या गाडीचं होतं तिला मागून ट्रकने चेपलं होतं, पुढून ती अंगठीसारखी चकचकीत होती. दादाने साखळीच्या कप्पीने जुनं इंजिन उचललं, नवं उतरवलं, त्याला बसायला लोखंडी बैठका घडवल्या, चाकं फिरवणारा खालचा दांडा कापून जोडला. काम खरंच देखणं होतं. सगळं झाल्यावर हौसेने त्याने बॉनेटखालचा सगळा पत्रा निळ्या रंगाने रंगवूनही काढला. मग हात पुसत पुसत तो म्हणाला, “झालं माझं. आता फक्त वायरी जोडायच्या.”

या ‘फक्त’ची हकीकत अशी. म्हातारीच्या काळी गाड्या भोळ्या होत्या. तिच्या अंगात वायरी मोजक्याच : दिवे, हॉर्न, वायपर आणि सेल्फ. नव्या इंजिनाबरोबर मात्र अजगराएवढा जाड वायरींचा गुच्छ आला होता आणि त्याच्या एका टोकाला पत्र्याच्या डबीत त्याचा कॉम्प्युटर होता. हे इंजिन स्वतःच्या मनाने काहीच करत नसे. पेट्रोल किती, ठिणगी कधी, पंखा केव्हा, सगळं त्या डबीला विचारून. डबीला तिच्या जुन्या घरची किल्ली जवळ असल्याशिवाय ओळखही पटत नसे. थोडक्यात, साध्यासरळ सासूच्या घरात शिकलेली सून यावी आणि येताना आपला वकील घेऊन यावी, तसा प्रकार होता.

त्यात मिस्त्रींच्या दोन अटी. किल्ली जुनीच हवी. आणि डॅशबोर्डला हात लावायचा नाही. “आत बसल्यावर कुणाला कळता कामा नये. तुझ्या आईला तर नाहीच.”

ठिणगीने तो अजगर घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरला. ज्या वायरी मेलेल्या गाडीच्या खिडक्यांना, मागच्या दिव्यांना आणि एसीला जात होत्या, त्या एकेक ओळखून बाजूला काढायच्या होत्या. घर जमिनीवर बसून जेवू लागलं. आई पहिल्या दिवशी कुरकुरली, दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसली, आणि नंतर निवडलेल्या वायरींच्या जुड्या बांधून देऊ लागली. “ही पिवळी अन् ही पिवळी एक नव्हे बरं का,” ती बजावायची. “हिच्यावर हिरवी रेघ आहे. घोळ करशील.” टेबल मोकळं झालं तेव्हा अजगराचा साप झाला होता. जुन्या घरच्या किल्लीतली चिप तिने काढून, म्हातारीच्या किल्लीच्या भोकामागे, चिकटपट्टीत गुंडाळून बसवली. डबी रोज तिचा वास घेणार आणि आपण माहेरीच आहोत असं समजणार.

पहिला खटका उडाला तो रंगावरून. गाडीत वीज जाते वायरीतून, पण परत येते ती गाडीच्या उघड्या पत्र्यातून. दादाने सगळा पत्रा रंगवून ठेवला होता. रंगातून वीज जात नाही. ठिणगी पॉलिश पेपर घेऊन निळा रंग घासायला बसली.

“ए! ए ठिणगे! काय करतेस?” दादा धावत आला. “दोन हात मारलेत मी त्याला!”

“दोन्ही सुंदर आहेत. मला इथे फक्त लोखंड हवंय.”

“कुठून कुठपर्यंत घासणार?”

“रुपयाएवढं. इंजिनाला एक, डबीला एक, बॅटरीला एक.”

“तोंडावर देवीचे व्रण दिसतील तिच्या.”

“बॉनेट खाली केलं की पदर आला. कुणाला दिसतंय?”

इंजिन रबरी बैठकांवर बसवलेलं, म्हणजे त्याचाही पत्र्याशी संबंध तुटलेला. ठिणगीने मनगटाएवढी रुंद तांब्याची वेणी इंजिनावरून पत्र्यावर आणली आणि घट्ट आवळली. दादा त्या घासलेल्या जागेकडे, मुलीचं नाक टोचताना बघणाऱ्या बापासारखा बघत राहिला.

मग आली किल्ली फिरवायची वेळ. दवाखान्याची मागची खिडकी या मोकळ्या जागेवर उघडत असे, आणि आपला नंबर यायची वाट बघणारे रुग्ण तिथे उभे राहून गॅरेज बघत. दुखणं विसरायला इतकी स्वस्त सोय दुसरी नव्हती. त्या दिवशी खिडकीत चारपाच सुजलेले गाल जमले होते. दादा बसला, किल्ली फिरवली. सेल्फने इंजिन गरगर फिरवलं. फिरवलं, फिरवलं, फिरवलं, पण इंजिन काही पेटेना.

“इंजिन तर फिरतंय,” दादा जाहीर केल्यासारखं म्हणाला. “वायरिंगचा घोळ आहे.” खिडकीतल्या गालांनी माना डोलावल्या.

ठिणगी गाडीत डोकं घालून ऐकत होती. मिस्त्रींचा जुना रेडिओ डॅशबोर्डात कुजबुजत होता. “परत मार,” ती म्हणाली. दादाने सेल्फ मारला. रेडिओ गप्प झाला. किल्ली सोडली, रेडिओ पुन्हा कुजबुजू लागला.

“दादा, डबीला वीज कुठून दिलीस?”

“मी?”

“मी दुपारी जेवायला गेले होते. डबीची वायर मी मोकळी ठेवली होती. आता ती कुठेतरी जोडलेली आहे.”

“तू वेळ लावत होतीस,” दादा म्हणाला. “रेडिओच्या वायरीला जोडली. रेडिओ चालतो, म्हणजे वीज आहे. इतकं काय त्यात?”

त्यात इतकं होतं, की जुन्या किल्लीला एक शिस्त असते. सेल्फ मारताना बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळावी म्हणून ती रेडिओबिडिओची ऐश तेवढ्यापुरती बंद करते. रेडिओचं काही बिघडत नाही. पण इंजिनाचा कॉम्प्युटर ऐन जन्माच्या घटकेला बेशुद्ध पडत होता. किल्लीच्या मागे आणखी एक टोक होतं, जे गाडी चालू करतानाही जिवंत राहायचं आणि चालू झाल्यावरही. ठिणगीने टोकांना तपासणीचा दिवा लावून ते शोधलं आणि डबीची वायर त्यावर आणली.

“आता मार.”

म्हातारी एकदा खाकरली आणि पेटली. पत्र्याची शेड थरथरली, बाकावरची पक्कड नाचत नाचत खाली पडली. दादाने आनंदाने पाय दाबला आणि अशी रेस दिली की खिडकीतल्या एका गालाने दुखणारा हात सोडून टाळ्या वाजवल्या. म्हणजे गाल दुखत होता, हात धरलेला होता. आनंदात असा तपशील राहून जातो.

“चार्जिंग बघ,” दादा ओरडला. ठिणगीने बॅटरीला मीटर लावला. काटा झपकन वर गेला. इंजिन बॅटरीला वीज भरत होतं, फर्स्ट क्लास. दोघं भावंडं त्या दिवशी एकमेकांना टाळी देऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. आई पर्स घेऊन पुढे बसली, भावंडं मागे. दादाने गाडी बाहेर काढून, गरम करून, चालूच ठेवली होती. मिस्त्री बसले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती गाडी बंद करण्याची. दुसऱ्याने चालू केलेली गाडी ते चालवत नसत. ती त्यांना दुसऱ्याने उष्टावलेल्या ताटासारखी वाटे. मग आरसा पुसला, सीट पुढे घेतली, किल्ली फिरवली. म्हातारी लगेच चालू झाली. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांच्या घरात ही ओवाळणी होती.

मिस्त्री गाडी चालवत नसत, ती फिरायला नेत. इंजिन ऐकू येऊ लागलं की त्यांना तो उर्मटपणा वाटे आणि ते पाय काढून घेत. सायकली त्यांना मागे टाकून जात. वाटेत आईने ओळखीच्या बाईशी काचेतून दोन शब्द बोलून घेतले, तेव्हाही ते इंजिन चालू ठेवून अदबीने थांबले. टेकडी लागली. टाकी दिसू लागली. मिस्त्री आरशातून ठिणगीकडे बघून चक्क हसले, आणि त्या हसण्याचा जणू भार झाल्यासारखी म्हातारी अडखळली. एकदा, दोनदा. मग गप्प. किल्ली फिरवली, तर आतून नुसतं ‘टिक’.

बॅटरी मेली होती.

“इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं,” दादा म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं, पण सवय वाईट.

परत येणं उतारावरून झालं. आई आत बसून राहिली. उतरले तर लोकांना बंद पडली हे कळेल, असं तिचं म्हणणं. सपाटीला लागल्यावर भावंडांनी ढकललं. दवाखान्याच्या खिडकीतली मंडळी आज वेगळी होती, पण नजर तीच. मिस्त्री उतरले, दार हलकेच लावलं आणि म्हणाले, “बोर्डाचा विषय संपला.” रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते हळहळून म्हणाले.

ठिणगीला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिच्याच हाताने वायर तपासली होती, तिच्याच डोळ्यांनी काटा वर गेलेला पाहिला होता. चार्जिंग होत होतं. आणि होत नव्हतं. दोन्ही खरं असेल तर एकतर वीज खोटं बोलत होती किंवा ती स्वतः काहीतरी बघायची राहिली होती. वीज खोटं बोलत नाही. तिला तेवढी कल्पनाशक्ती नसते.

सकाळी तिने बॅटरी भरून घेतली आणि दादाला चालू करायला सांगितलं. दादाने सवयीप्रमाणे पाय दाबला. काटा वर. “बघ! आहे ना?”

“बंद कर. बाबा, आता तुम्ही बसा. चालू करा आणि नुसते बसून राहा.”

“माझी परीक्षा घेतेस?”

“गाडीची घेते. तुम्ही फक्त तुमच्यासारखे बसा.”

मिस्त्री त्यांच्यासारखे बसले. इंजिन देवघरातल्या समईसारखं शांत चालत होतं, आणि काटा खाली, खाली, आणखी खाली.

“म्हणजे माझ्या पायाला चार्ज होते आणि बाबांच्या पायाला होत नाही,” दादा म्हणाला. “ड्रायव्हरचा दोष!” आणि मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघून तो खड्ड्यात काहीतरी शोधायला उतरला.

पण ठिणगीच्या डोक्यात उजेड पडला होता. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर हा प्राणी स्वभावाने झोपाळू. गाडी चालू होताना त्याला कुणीतरी हाक मारून उठवावं लागतं. एकदा उठला की गाडी बंद होईपर्यंत राबतो. ही हाक एका बारीक वायरीतून येते आणि ती वायर डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून जाते. हाक आली नाही, पण कुणी कानाशी बोंब मारली, म्हणजे दादासारखी रेस दिली, तर तो दचकून आपला आपण उठतो. मिस्त्रींच्या पायाने मात्र त्याला आणखी गाढ झोप लागत होती.

आणि तो लाल दिवा? तिने आठवून पाहिलं. या गाडीत लाल दिवा लागलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. जे कधी पाहिलंच नाही, ते दिसत नाही हे माणसाच्या लक्षात येत नाही.

“बाबा, डॅशबोर्ड उघडायचाय. तो लाल दिवा बघायचाय.”

मिस्त्री एकाएकी स्टिअरिंग पुसू लागले. “नाही म्हटलं होतं ना? तिथं काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे… काही नाही.”

डबा घेऊन आलेली आई शेडच्या दारात उभी होती. “अहो, सांगा की सरळ,” ती म्हणाली. “अगं, तो दिवा मीच काढायला लावला. तू पोटात होतीस तेव्हा. मेला सारखा लालभडक डोळा वटारून बघत बसायचा माझ्याकडे. गाडी चालली तरी बघतोय, थांबली तरी बघतोय. मला मळमळायचं. मी म्हटलं, एक तर तो राहील नाहीतर मी. यांनी रस्त्यातच गाडी थांबवली, बल्ब काढला आणि खिशात टाकला. तेव्हापासून कशी शांत आहे बघ गाडी.”

खड्ड्यातून दादाचं डोकं वर आलं. “बाबा? तुम्ही?”

“तिला त्रास होत होता,” मिस्त्री स्टिअरिंगला म्हणाले.

“पण दिवा चालू का राहत होता?” ठिणगीने विचारलं. “चार्जिंग होत असलं की तो विझतो.”

मिस्त्रींनी घास नसताना चावल्यासारखं केलं. “पट्टा सैल असायचा,” ते शेवटी म्हणाले. “चार्जिंग होत नव्हतं तेव्हाही.”

“म्हणजे दिवा खरं सांगत होता.”

“सांगत होता. म्हणून काय तोंडावर सांगायचं?”

कोंबडं झाकून ठेवलं की तांबडं फुटत नाही, अशी या घराची जुनी श्रद्धा होती, आणि ती तीस वर्षं टिकली याचं श्रेय म्हातारीच्या साधेपणाला होतं. जुन्या इंजिनाचा वीज बनवणारा डायनामो हाकेवाचूनही कसाबसा उठायचा. नवं इंजिन मानापमानाचं पक्कं होतं. बोलावल्याशिवाय येत नव्हतं.

ठिणगीने डॅशबोर्ड उघडला. सगळ्या बल्बांच्या रांगेत, पडलेल्या दातासारखी एक रिकामी खोबण. तिने नखाएवढा नवा बल्ब घेतला, खोबणीत फिरवला, आणि डॅशबोर्ड पुन्हा असा बसवला की आत बसणाऱ्याला काही कळू नये.

“परत तो डोळा?” आई म्हणाली. “मी नाही बसायची.”

“आई, तो आता वटारून बघणार नाही. किल्ली फिरवली की एकदा उघडेल, गाडी चालू झाली की मिटेल. नाही मिटला तर मला सांगायचं. हे काम तुझं. बाबा रस्ता बघतील, तू दिवा बघ.”

आईने विचार केला. इतकी वर्षं ती त्या सीटवर नुसती बसत आली होती. “मला अधिकार आहे? थांबवायचा?”

“पूर्ण.”

“मग चला,” म्हणत आईने डबा बाकावर ठेवला. “जेवण परत आल्यावर.”

मिस्त्री काही तरी म्हणणार होते. विषय संपला असं ते स्वतःच म्हणाले होते. पण बल्ब त्यांनीच काढला होता, हेही त्यांच्या हिशेबी जमा असावं. ते मुकाट्याने आरसा पुसू लागले.

“लागला!” किल्ली फिरताच आई ओरडली. इंजिन पेटलं. “मिटला! अहो, मिटला!”

“ऐकू येतं मला.”

“बाबा, हेडलाइट लावा,” मागून ठिणगी म्हणाली.

“भर दुपारी?”

“हेडलाइट. वायपर. रेडिओ. जे जे विजेवर चालतं ते सगळं.”

आणि म्हातारी अशी निघाली : लख्ख उन्हात दिवे लावून, कोरड्या काचेवर वायपर करकरवत, रेडिओ सगळ्या रस्त्याला ऐकवत, आणि मिस्त्रींच्या त्याच, सायकलींच्याही मागे राहणाऱ्या चालीने. लोक थांबून बघत होते. काहींना वाटलं मिरवणूक आहे, फक्त बाकीची मागे राहिलीय. ओळखीची बाई भेटली, पण आईने काच खाली केली नाही. “आत्ता नाही, ड्युटीवर आहे,” तिने खुणेने सांगितलं. टेकडी लागली. जिथे काल अडखळली होती ते वळण आलं. दादाने श्वास रोखला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वायरिंगसाठी श्वास रोखलाय. वळण मागे पडलं. हॉर्न वाजवायचं काही कारण नव्हतं. मिस्त्रींनी वाजवला. मग वाजवतच राहिले.

टाकीपाशी त्यांनी गाडी बंद केली. पुन्हा किल्ली फिरवली.

“लागला… मिटला!” आईचा आवाज टाकीवर आपटून परत आला.

“बॅटरी?” मिस्त्रींनी विचारलं. ठिणगीने बॉनेट उघडून मीटर लावला. निघताना होती त्याहून भरलेली. दादा शेजारी येऊन उभा राहिला, काट्याकडे बघितलं, निळ्या रंगातल्या रुपयाएवढ्या उघड्या लोखंडाकडे बघितलं.

“व्रण तसे फार दिसत नाहीत,” तो म्हणाला. दादाकडून हे प्रमाणपत्रच होतं, शिक्क्यासह.

मिस्त्री दार उघडून उतरले. त्यांनी किल्ली ठिणगीच्या हातावर ठेवली. ती किल्ली आजवर त्यांच्याशिवाय कुणी खिशात घातली नव्हती. “परत तू ने,” ते म्हणाले. मागच्या सीटवर बसताना त्यांना गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना; त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते.

ठिणगी बसली. आधी तिने गाडी बंद असल्याची खात्री करून घेतली. दुसऱ्याने चालू केलेली गाडी तिलाही आवडत नसे. मग किल्ली फिरवली आणि दिव्यांसकट, वायपरसकट, सगळ्या उतारावर रेडिओ उधळत तिने म्हातारी अशी खाली आणली की वाटेत सायकली तिला वाट देत गेल्या. मिस्त्री मागून दोनदा “हळू” म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांनी रेडिओबरोबर मांडीवर ताल धरला होता. दवाखान्याच्या खिडकीत गर्दी झाली. भूल दिलेले दोघे अर्ध्या तोंडाने ओरडत होते. दादाने काचेतून हात बाहेर काढून त्यांना अभिवादन केलं, आणि मग ठिणगीकडे बोट दाखवलं. गाडी शेडमध्ये गेली. कुणाचाही हात लागला नव्हता.

रंगारी दोन दिवसांनी आला. जेवता जेवता मजकुरावर घासाघीस झाली. ‘आणि कन्या’ म्हटलं तर लग्नपत्रिका वाटत होती; ‘आणि मंडळी’ म्हटलं तर, ठिणगीच्या मते, सगळेच वाटत होते आणि म्हणून कुणीच वाटत नव्हतं.

“‘मिस्त्री, मुलगी आणि मुलगा’,” ती म्हणाली.

“मुलगा थोरला आहे,” दादा म्हणाला.

“इंजिनाआधी वीज लागते, दादा. रेडिओच्या वायरीवर ते सिद्ध झालंय.”

मिस्त्रींनी घास चावून घेतला. छोटाच घेतला होता. “मुलगी आधी,” ते म्हणाले. आईने खाली एक ओळ घालून घेतली : ‘वायरिंगची सर्व कामे.’ दादाने सुचवलेला ‘फक्त’ कुणी मनावर घेतला नाही. रंगाऱ्याने अक्षरं ठसठशीत लाल काढली, आणि सगळं घर रस्त्यावर उभं राहून बोर्ड बघायला बाहेर गेलं.

रस्त्यावरून बोर्ड दिसत नाही, मध्ये दवाखाना येतो. लांबून तो दिसतो फक्त दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून, सुजलेला गाल धरून उभं राहिल्यावर, आणि त्या वेळी माणसाला काही बोलता येत नाही. गिऱ्हाईकं अजूनही ‘दवाखान्यामागचं गॅरेज’ म्हणूनच येतात.